मेणवेल नव्या कुंडीत

सिल्व्हर पार्क, मीरा रोड
रविवार, १४ मे २००६

प्रिय ताई,

नमस्कार. भावोजी कसे आहेत? पथ्य पाळतात, की अजून तुझी नजर चुकवून लोणच्याची बरणी उघडतात? मी मजेत आहे. उकाडा मात्र विचारू नकोस. दुपारी खाडीकडून वारा येतो, तोही खारट आणि चिकट. तुमच्या बेळगावच्या हवेत तुला याची कल्पना यायची नाही.

पाकीट हातात घेतल्याबरोबर तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. अक्षर बघून घाबरू नकोस. ते असं मागे का कलतंय, ते सांगते. पण आधी आनंदाची बातमी. आपली मेणवेल फुलली! एक झुबका उमललाय, आणि आणखी चार देठांवर कळ्या धरल्यात.

आपली म्हणजे सिस्टर आन्सेल्माची. मॅट्रिकनंतर निरोप घ्यायला गेले, तेव्हा तिने शाळेच्या व्हरांड्यातल्या वेलीची फांदी ओल्या रुमालात गुंडाळून दिली होती. ती आईकडे रुजली, मग माझ्याबरोबर लालबागच्या खोलीत आली, तिथून इथे. गुलाबी चांदण्यांसारखी फुलं आणि प्रत्येकीच्या मधोमध लाल ठिपका. तू त्यांना चॅपलमधली खोटी फुलं म्हणायचीस आणि मी रडायचे. सिस्टरने निघताना एकच गोष्ट बजावली होती. फुलं गळली की मागे जो काडीसारखा देठ उरतो, तो कधी कापायचा नाही. पुढची फुलं पुन्हा त्याच देठावर येतात.

आता सोसायटीची हकिगत. फेब्रुवारीत आमच्या बिल्डिंगची गळती थांबवून रंग लावायचं ठरलं. सेक्रेटरी गुणवंतभाई शेजारच्याच दारात राहतात, म्हणून मला नोटीस तोंडीच मिळाली. "मृणालबेन, ग्रील एकदम खाली चाहिये हाँ. पेंटरवाला बोलता है, एक भी कुंडा दिखा तो मैं उधर हाथ नहीं लगाएगा."

माझी वेल तर बारा वर्षं त्या ग्रीलच्याच गजांना गुंडाळून वाढलेली. कुंडीला उभी चीर गेलेली, त्यातून मुळं बाहेर आलेली, घातलेलं पाणी सरळ खालच्या मजल्यावर. दोन वर्षं फूल नव्हतं. गुणवंतभाईंची बायको चंपाबेन बघायला आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काट डालो ना ऊपर से! नीचे से नया आ जायेगा. इतना क्या दिमाग खपाना?"

मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "ठीक है. लेकिन आप अकेली से नहीं होगा. आप सिर्फ बैठो और बोलो, मैं करती है."

मला त्या 'बैठो'चा फार राग आला. कारण त्याच आठवड्यात यतीनचाही पुण्याहून फोन आला होता. "आई, मे महिन्यात मी न्यायला येतोय. घर बंद करू. तुझ्याच्याने एकटीने होणार नाही आता." जो तो मला बसवायलाच निघालेला.

चार दिवस वेलीला पाणी दिलं नाही, म्हणजे फांद्या जरा मऊ पडतात आणि वाकवताना मोडत नाहीत. मग चंपाबेन शेंड्याकडून एकेक वेढा सोडवू लागली. मी स्टुलावर बसून सांगत होते. मध्येच एखादं पान तुटायचं, पांढरा चीक यायचा आणि ती "हाय हाय, दूध निकला" म्हणून माझ्याकडे बघायची. मी सुतळीने फांद्या बांधून घ्यायच्या ठरल्या होत्या, पण सुतळी माझ्या बोटांतून सारखी निसटत होती. चंपाबेनने ती काढून घेतली.

नवी कुंडी म्हणून तिने घरातलं निळं पिंप आणलं होतं. "बड़ा घर दो, बड़ी होगी." तिला समजावलं, की या बाईला पाय पसरून बसायची सवय नाही, मोठ्या कुंडीत पाणी साचून मुळं कुजतात. जुन्या कुंडीपेक्षा बोटभरच मोठी हवी. मग गुणवंतभाई कुरकुरत गाडी काढून घोडबंदर रोडला गेले आणि चेण्याच्या नर्सरीतून मातीची कुंडी घेऊन आले. मी तोवर विटांचे तुकडे, कोळसा आणि नारळाच्या सोडणाचा चुरा काढून ठेवला.

आणि तेवढ्यात ते झालं. चंपाबेन मुळाकडे वळण्याआधी वेल जरा नीटनेटकी करावी म्हणून माझी स्वयंपाकघरातली कात्री घेऊन आली. "ये देखो, कितनी सूखी काडी है," म्हणत तिने एका जुन्या देठाला कात्री लावली. मला ओरडायलाही सुचलं नाही. माझा हात गेला आणि त्याने तिचं मनगट गच्च धरलं.

"अरे बाप रे! मृणालबेन! इतना जोर आपके हाथ में?"

मीही हाताकडे पाहिलं. तो डावा होता.

ताई, आता लिहायलाच हवं. दिवाळीच्या आधी मी चकल्या पाडत होते आणि सोऱ्या हातातून सुटला. उचलायला वाकले तर हातच येईना. चंपाबेनने आवाज ऐकला म्हणून सगळं वेळेवर झालं. अर्धांगाचा झटका, पण सौम्य, असं डॉक्टर म्हणाले. पाय सुधारला, जीभ तर आधीसारखीच चालते. उजवा हात मात्र कोपराखाली परत आला नाही. तुझ्याकडे तेव्हा भावोजी अंथरुणात, त्यात माझी भर कशाला, म्हणून यतीनला शपथ घातली. पत्र का नाही विचारलंस, की चष्म्याचा नंबर वाढलाय, असं फोनवर सांगत राहिले. मग तू लिहिलंस, "फोनवाल्या बाईसाहेब, एक कार्ड टाकायलाही आता जड जातं का?" त्या दिवशी मी तुझं पत्र उशीखाली ठेवलं आणि खूप रडले. तू काय चुकीचं लिहिलं होतंस? जडच जात होतं.

आणि गंमत बघ. व्यायाम घ्यायला येणारी मुलगी उजव्या हातात स्पंजचा चेंडू देऊन "दाबा आजी, दाबा" म्हणायची. मी दाबायचे, तो घरंगळत पलंगाखाली जायचा. डाव्या हाताने मी बादली उचलायचे, नळ सोडायचे. पण पेन? सुरी? कात्री? ते माझ्या मनातही आलं नाही. सिस्टरने इतकं छान शिकवलं होतं ना! तुला आठवतं, ती स्वतःचा इस्त्रीचा रुमाल माझ्या डाव्या हाताभोवती बांधायची, हलकेच, आणि म्हणायची, "राइट हँड, माय चाइल्ड." पहिलं पान उजव्या हाताने लिहिलं तेव्हा तिने मला मदर मेरीचं चित्र दिलं होतं. घरी आई होतीच. "प्रसाद कुठल्या हाताने घेतात गं?" आणि तू, पाटावर बसल्या बसल्या मला चिडवायचीस, "डावरे! ए डावरे!" नंतर तूही विसरलीस आणि मीही.

चंपाबेनच्या हातातली कात्री मी काढून घेतली. "अब आप बैठो," मी म्हटलं, "और मैं बोलेगी भी नहीं, करेगी." ती खरंच बसली. जुनी कुंडी मी बत्त्याने हळूच फोडली. मुळांचा गोळा नुसत्या जटा. तो डाव्या हाताच्या बोटांनी बाहेरून थोडा थोडा मोकळा केला, फार नाही. वेल नव्या कुंडीत बसवली, भोवती चुरा दाबला. उजवा हात अगदीच मोकळा नव्हता बरं का! त्याने कुंडी टेकून धरली होती, एखाद्या म्हाताऱ्या मामासारखी. केबलवाल्याने टाकून दिलेल्या तारेचं कडं करून त्यावर सगळ्या फांद्या चढवल्या, प्रत्येक जुन्या देठासकट. संध्याकाळी हॉलच्या खिडकीत कुंडी ठेवली तेव्हा माझ्या नखांत कोळसा होता आणि मी गात होते. तेही बेसूर. चंपाबेन म्हणाली, "लकवा गले को भी हुआ था क्या?"

पुढे महिनाभर वेलीने माझा जीव खाल्ला. पानं सुरकुतली, काही पिवळी होऊन गळली. चंपाबेन रोज येऊन "मैंने तो बोला था" एवढंच म्हणून जायची. मी मात्र त्याच खिडकीशी बसून वर्तमानपत्राच्या कडांवर अ आ इ गिरवायला लागले. पहिल्यांदा 'अ' आला तो खेकड्यासारखा. पण पेन निसटलं नाही! हात जणू कधीचा वाट बघत बसला होता.

मार्चअखेर वेलीला नवा, चमकदार पानांचा जोड फुटला. आणि एप्रिलात, जुन्या देठाच्या टोकाला, गुलाबी मोहरीएवढ्या कळ्या.

गेल्या रविवारी यतीन आला, मोठी रिकामी बॅग घेऊन. मी दार उघडलं, चहा टाकला, आल्याचा तुकडा किसला, चहा गाळून त्याच्यापुढे ठेवला. तो नुसता बघत राहिला. मग मी आंबा कापायला घेतला, तेव्हा त्याला राहवलं नाही.

"आई, तू डावखुरी होतीस?"

"होते नाही रे. आहे."

चाळिशीचा मुलगा माझा, त्याला हे माहीत नव्हतं! मग आंब्याची फोड हातात घेऊन म्हणाला, "आमची इशितापण डाव्या हातानेच चित्र काढते. आम्ही तिला सारखं टोकतो." मी म्हटलं, "आजपासून टोकायचं नाही. तिला सांग, आजीचा निरोप आहे." घर बंद करायचा विषय त्याने काढलाच नाही. निघताना बॅगेत मी कोकमं आणि लसणीची चटणी भरून दिली, म्हणजे अगदीच रिकामी न्यायला नको.

काल संध्याकाळी पहिला झुबका उमलला. जिन्यापर्यंत वास गेला. गुणवंतभाई दारात येऊन विचारतात, "कौनसी अगरबत्ती है, बेन?" चंपाबेनने चष्मा लावून झुबका खालून वरून पाहिला आणि नवऱ्याला म्हणाली, "वही काडी! जो मैं काट रही थी, उसी में से निकला!" असं सांगत होती, की जणू तिनेच लावली. फुलावरचा गोड थेंब मी बोटाने टिपून चाखला, शाळेत आपण चोरून चाखायचो तसा. तीच चव आहे, ताई.

तुला एक फूल पाठवावं असं फार वाटलं. पण देठासकट तोडावं लागेल, म्हणून नाही. भावोजींना बरं वाटलं की तूच ये. आणि मला दटावणारं पत्र लिहिशील ते लांबलचक लिही. उत्तर लांबलचक मिळेल. पाकिटावरचा पत्ताही मीच घातलाय, पिनकोडसकट.

सिस्टर आन्सेल्मा वरून बघत असेल, तर तिने खुशाल रुमाल शोधत बसावं.

तुझी,
डावरी