न तुटलेलं बटण

प्रिय धाकट्या,

फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. काल तुझी बायको लाँड्रीत आली होती. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबली आणि हळूच म्हणाली, ताई, ह्यांच्या पोलिसी वर्दीच्या शर्टाचं वरचं बटण तेवढं तोडून ठेवा, आणि शर्ट धुऊ नका. तू जबाबात लिहिलं आहेस म्हणे, की टेम्पोवाल्याने आधी तुझी कॉलर धरली, बटण तोडलं, म्हणून तुझा हात उठला. लोकांनी काढलेल्या व्हिडिओत तू मारायच्या आधीचं काही दिसत नाही, तेव्हा तुझी नोकरी आता त्या शर्टावरच आहे. इतकी वर्षं लोकांची बटणं लावून देते आहे मी, तोडून द्यायचं काम पहिल्यांदाच आलं.

अरे शहाण्या, माझी पद्धत तुला माहीत नाही का? गिऱ्हाईक समोर असतानाच कपडा उलगडायचा, बटणं, खिसे, डाग दाखवायचे, मगच चिठ्ठी टाचायची. नाहीतर मागाहून भांडणं होतात. त्या संध्याकाळी तुझाही शर्ट तुझ्यासमोरच उलगडला. सगळी बटणं जागच्या जागी होती, कॉलरची खळसुद्धा मोडली नव्हती. सख्ख्या भावावरही विश्वास नाही का, म्हणून हसलास. बाकावर बसून चहा प्यायलास, भाचीच्या परीक्षेची चौकशी केलीस, साखर कमी पडली म्हणून कुरकुरलास. आणि नुकताच एका पडलेल्या माणसाला लाथ घालून आला होतास. ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

इथली तऱ्हा काय सांगू. जो तो तुला हातात घेऊन फिरतो आहे. शेजारचा चष्मेवाला आवाज मोठा करून व्हिडिओ लावतो आणि मी बाहेर आले की बंद करतो, म्हणजे मला कळावं की त्याने बंद केला. मोर्चाचा कापडी फलक इस्त्रीला माझ्याकडेच आला. त्यावर तुझा फोटो, खाली 'हाकला'. चुण्या होत्या, काढून दिल्या. तुझे भाऊजी टीव्हीवरच्या आरडाओरड्याला उत्तरं देत बसतात, जणू तिकडे ऐकू जातं. इतके जण भोवती उभे राहून चित्रण करत होते, एकालाही तुझा दंड धरावासा वाटला नाही, याचाही मला संताप येतो. पण म्हणून तुझी लाथ हलकी होत नाही. आई म्हणते, मोबाईलवाल्यांनी काहीतरी जोडलं असणार, माझं पोर असं नाही. अर्धी भाकरी ताटात टाकून उठते. तिला काय सांगू, तूच सांग.

आणि तो टेम्पोवाला. पाण्याचे जार पोचवतो, आमच्या गल्लीतही येतो. गाडी चुकीच्या जागी लावली होती, मान्य. पावती फाडायची होतीस. आता जार त्याचा मेहुणा टाकतो. मी विचारलं तर म्हणाला, त्याच्या बरगडीला मार आहे, हसलं तरी दुखतं. मी कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते लिहिते. आज दुपारी तुझ्या खात्याच्या चौकशीच्या बाई आल्या होत्या. शर्ट लाँड्रीत आहे हे तूच लिहून दिलंस. मी तो तसाच, न धुता, सगळ्या बटणांसकट त्यांच्या हातात दिला. तुझ्यासमोर उलगडला होता, हेही सांगितलं आणि सही केली. सही करताना रडू आलं, त्या बाईंनी पाणी दिलं. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून घाईने लिहिते आहे. उद्या तुला पुन्हा बोलावतील. त्याआधी खरं काय ते आपल्या तोंडाने सांग. नोकरी गेली तर माझ्याकडे ये, दोन इस्त्र्या चालतील एवढं काम आहे. पण येताना आधी त्या टेम्पोवाल्याच्या घरी जाऊन ये.

तुझ्यावर भयंकर चिडलेली, तरीही तुझीच,
ताई