जुंबेरच्या गटारातले खादाड

राचा (जॉर्जिया), १२ जून १९९७

ती. त्सित्सिनोताईस,
धाकट्या ओतियाचा सा. न. वि. वि.

टेलिफोनची तार पुन्हा कोणीतरी कापून नेली, म्हणून हे पत्र ड्रायव्हर झाउरीच्या तिबिलिसीच्या गाडीतून पाठवतोय. झाउरी ते वाचणार हे धरूनच लिहितोय. झाउरी, वळणावर तरी वाचू नकोस रे.

आमच्याकडे पाहुणी आलीय. वरच्या रानात कुणा नतद्रष्टाने फास लावला होता, त्यात पुढचा उजवा पंजा अडकलेली अस्वलीण. वनरक्षकाची नोकरी सुटली तरी माझी खोड काही सुटली नाही. गोठ्याला गज ठोकून तिला आत ठेवलंय. दिवसभर कुरकुरते, ताट आधी हुंगते, पसंत पडलं नाही तर उलथून टाकते. तुझ्या भावजयीने, लामाराने, तिचं नाव त्सित्सिनो ठेवलं. मी फक्त उलथलेली ताटं उचलतो.

पण ताई, पंजा सडत चाललाय. तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी होती नव्हती ती सगळी अँटिबायोटिक्स टोचून पाहिली, पू थांबत नाही. आता पंजा कापावा लागेल म्हणतात. तीन पायांची अस्वलीण रानात जगायची नाही. आणि खाली रस्त्यावरच्या खानावळीचा जुंबेर तर पिंजऱ्याला रंग देऊन बसलाय. अस्वल बघायला गिऱ्हाइकं थांबतात म्हणे. तुझ्या प्रयोगशाळेतले ते जंतू खाणारे खादाड विषाणू तिच्या कामी येतील का? पू कापसावर टिपून पाठवतोय. तुझ्यासाठी पाठवलेल्या हॅमच्या पिशवीत नाही, वेगळ्या पिशवीत.

लोभ होता तेवढाच राहू दे, नावापायी कमी करू नकोस.

तुझा ओतिया

तिबिलिसी, २० जून

चि. ओतिया यास अ. उ. आशीर्वाद.

हॅम पोचलं, पू पोचला आणि माझ्या नावाचा उद्धारही पोचला. लामाराला सांग, ताट मी जन्मात एकदाच उलथलं, आणि त्यातला राजमा तिनेच शिजवलेला होता.

तुझ्या पाहुणीचा जंतू चांगलाच मुरलेला आहे. आमच्या साठ्यातले सगळे खादाड त्याच्यावर सोडले, एकानेही तोंड लावलं नाही. म्हणजे नवा शोधायला हवा. जंतू जिथे दाटीवाटीने राहतात तिथेच त्यांना खाणारेही असतात, म्हणजे घाणीत. तेव्हा तुमच्याकडचं जितकं घाणेरडं मिळेल तितकं घाणेरडं पाणी बरणीभर पाठव. नाक मुरडू नकोस. लहानपणी पोट बिघडलं की आई तुला बाटलीतलं जे औषध पाजायची, तेही असंच नदीच्या गाळातून निघालेलं. हे तुला आजवर मुद्दाम सांगितलं नव्हतं.

इथे विजेचा पत्ता नसतो. जंतूंच्या बशा उबेत ठेवायची पेटी थंडगार पडते, म्हणून मी त्या शालीत गुंडाळून पोटाशी धरून बसते. शेजारच्या नातेलाने काल विचारलं, बाई, या वयात कितवा महिना?

जुंबेरला म्हणावं, रंग वाळू दे नि गंजू दे. पंजा कापू देऊ नकोस.

आशीर्वाद आहेतच. पाणी मात्र लवकर पाठव.

तुझी ताई (दोन पायांची)

राचा, २८ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

सोबत बरणी आहे. पाणी गोठ्यामागच्या डबक्यातलं. पाहुणीचा ताप चढलाय, कालपासून तिने ताट उलथलेलं नाही. ते बघून लामारा कोपऱ्यात जाऊन डोळे पुसून आली. डॉक्टर म्हणतात, महिनाभर वाट बघतो, मग करवत घेऊन येतो.

उत्तराची आणि तुझ्या मायेची वाट बघतोय.

ओतिया

तिबिलिसी, ५ जुलै

ओतिया,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी, आधी बोलणी खा.

मी घाण मागितली होती. तू जे पाठवलंस ते मी माझ्या वरिष्ठांना चहाला देऊ शकले असते! आरपार नितळ, बरणीला साबणाचा वास, झाकणावर भरतकामाचा रुमाल! झाउरीला दरडावून विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं की लामाराने पाणी तीनदा गाळलं आणि वर चांगलं खळखळून उकळलं. का, तर राजधानीतली शिकलेली माणसं बघणार, ओतियाच्या घरून हे असलं गेलं म्हणून लोक काय म्हणतील! अगं बाई, जे खादाड शोधायचे त्यांचीच तू आमटी केलीस!

आता अब्रू खुंटीला टांगा. तुमच्या घरची घाण पाठवायला लाज वाटत असेल, तर दुसऱ्या कुणाच्या घरची पाठवा.

घ्या, आशीर्वाद. लामारालाही. रुमाल मी ठेवून घेतलाय.

ताई

राचा, ११ जुलै

ती. ताईस, दोघांचा सा. न. वि. वि.

लामाराने दोन दिवस भांडी आपटली. मग ‘अब्रू खुंटीला टांगा’च्या पुढचं वाक्य तिने परत वाचायला लावलं, आणि तिचा चेहरा असा उजळला की विचारू नकोस. दुसऱ्याच्या घरची म्हटल्यावर तिला क्षणभरही विचार करावा लागला नाही. बादली उचलली आणि तडक जुंबेरच्या खानावळीमागे, जिथे डुकरांची आतडी धुतात त्या गटारावर. जुंबेर आडवा आला. तुझ्या गटाराला राजधानीहून मागणी आलीय, असं ती म्हणाल्यावर बिचारा इतका फुगला की फावड्याने गाळ वर काढून स्वतः बरणी भरून दिली. पिंजरा मात्र रोज पुसून चकचकीत ठेवतो.

बरणी जपून उघड. झाउरीच्या गाडीतले प्रवासी अर्ध्या वाटेत उतरले.

लोभ आणि नाक दोन्ही सांभाळ.

ओतिया

तिबिलिसी, २२ जुलै

माझ्या ओतिया, माझ्या लामारा,

आशीर्वाद, आशीर्वाद, आशीर्वाद!

आज शाल उलगडली आणि बशीतल्या जंतूंच्या सायीवर भोकंच भोकं! काय तुटून पडलेत जुंबेरचे खादाड! मी नातेलाला मिठी मारली. तिला वाटलं, कळा सुरू झाल्या.

ते गाळून, स्वच्छ करून बाटल्यांत भरून पाठवतेय. रोज जखमेवर ओत. चाचाची दारू अजिबात लावायची नाही, ओतिया! तुला सगळं दारूनेच बरं करायची हौस; दारू लागली तर माझे खादाड आधी मरतील. आणि हात गजांच्या आत घालू नकोस. माझं तुझ्यावर अस्वलिणीपेक्षा जास्त प्रेम आहे, थोडंसंच जास्त.

ताई

राचा, १४ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

वाइनच्या रांजणात बुडवायचा लांब दांड्याचा पोकळ भोपळा कामी आला. लामारा पुढून मध चाटवायची, मी बाजूने भोपळ्यातून पंजावर ओतायचो. आधी पू आटला, मग ताप उतरला, मग एका सकाळी ताट थेट माझ्या छातीवर आलं. आम्ही दोघं गोठ्यात नाचलो. डॉक्टरांनी करवत परत नेली. जाताना तुझा पत्ता मागून घेतला.

काल गोठ्याचं दार उघडलं. जुंबेरही आला होता. माझ्या गटाराने वाचवलं म्हणून त्याने मोठ्ठं भाषण करून पेला उचलला. पिंजऱ्यात आता कोंबड्या ठेवल्यात. त्याचं भाषण संपेपर्यंत त्सित्सिनोने माझं मधमाश्यांचं खोकं पाडून चाटूनपुसून साफ केलं आणि निघाली. एकदाही मागे वळून बघितलं नाही. वीस वर्षांपूर्वी तूही अशीच गाडीत बसली होतीस.

ओढ्याकाठच्या चिखलात तिचे ठसे बघून आलो. चारही पंजे सारखे खोल.

सोबत बरणी आहे. पुढच्या उजव्या पंजाच्या ठशात साचलेलं पाणी, तुझ्या साठ्यासाठी. चिखल, केस, शेण सगळं तसंच आहे. मी बरणी विसळायला घेतली तर लामाराने माझ्या हातावर चापट मारली.

द्राक्षं तोडायला ये. तुझं नाव मोकळं झालंय.

तुझा ओतिया