छपरावरची मेंढरं

पालमपूर, ८ मार्च

ती. बाबा,

तुम्हाला आणि आईला नमस्कार. मी बरी आहे. थंडी आहे, पण जेवण गरम मिळतं.

बिअरचा कारखाना जवळजवळ उभा राहिला. अर्धा डोंगराच्या उतारातच बसवलाय आणि छपरावर इथलंच गवत लावलंय. काल एका मेंढपाळाची मेंढरं सरळ छपरावर जाऊन चरायला लागली. कारखान्याचे मालक वैतागले. मी मात्र पेढे वाटायच्या बेतात होते.

सांडपाण्याचं तुम्ही विचारणारच, मानपाड्याच्या केमिकल कंपनीत तीस वर्षं काढलीत. ते शुद्ध करून बागेला सोडणार आहोत. वास तेवढा लपत नाही. चाचणीसाठी जव उकळले, तर आई सातूचं पीठ भाजते तसा वास खालच्या गावापर्यंत गेला.

ठाकुर्लीला पाणी रोज येतंय का? बीपीची गोळी घेताय ना?

आई म्हणाली, सोसायटीत तुम्ही ज्यूसची फॅक्टरी म्हणून सांगितलंय. असू दे.

एक विचारायचं होतं. रस्त्यावरून कारखाना दिसत नाही, दिसते ती फक्त दगडी पाटी. तिच्यावर आर्किटेक्ट म्हणून माझं पूर्ण नाव कोरायचंय. मधे तुमचं नाव येतं. ठेवू की गाळू?

तुमची,
आसावरी