शाळेच्या छतावरचा करंटचोर

३ मार्च, सोमवार. संध्याकाळी ६
वरकुट्याच्या शाळेवर सोलर बसलं. दहा टॅब आले. सोलर समितीचा अध्यक्ष मी, एकमताने. (दुसरं कुणी तयारच नव्हतं, ही विरोधकांची बडबड.) एमआयडीसीतल्या कंपनीचा दिग्विजय नावाचा पोरगा बजावून गेला की पुढच्या बुधवारी येईन, तोवर टॅब नीट चालले नाहीत तर संच जळोचीच्या शाळेला देऊ. माझी नात छकुली चौथीत आहे. तिचा टॅब जळोचीला जाणार नाही. मी बसलोय इथे.

४ मार्च, मंगळवार
ऊन फार. पॅनेलच्या काचेला हात लावला, भाजला. डाळिंबाला चट्टा पडू नये म्हणून आपण झाडाला जुन्या साड्या घालतो, आणि एवढा किमती माल उघडा? आमच्या मंडळींच्या, फुलाबाईच्या, सहा साड्या नेऊन झाकला. रोज सकाळी मीच झाकणार, संध्याकाळी मीच काढणार. दुसऱ्या कुणावर भरवसा नाही.
अनिता मॅडम म्हणाल्या, अध्यक्ष, कापड काढा, त्याला ऊन लागतं. साडीखाली डाळिंब लाल होतं की नाही? मॅडमना माल उघडा का हवाय, यावर लक्ष ठेवणे.

६ मार्च, गुरुवार
टॅब अकरालाच बंद. करंट चोरीला जातोय. संशयित: झुंबर. शाळेची खिचडी तोच शिजवतो आणि हल्ली ती फार लवकर शिजते. त्याच्या चुलीमागे तासभर बसलो. वायर सापडली नाही. माणूस हुशार आहे. वर मलाच म्हणतो, "आबा, धूर खायाची हौस हाय व्हय?"

७ मार्च, शुक्रवार
आज टॅब उघडलेच नाहीत. पोरांसमोरच झुंबरला विचारलं, करंट कुठं नेतोस? त्याने पळी खाली ठेवली. म्हणाला, "कुणाच्या रानातलं कणीस कवा मोडलं न्हाय म्या," आणि घरी निघून गेला. गुन्हेगार असेच जातात.

८ मार्च, शनिवार
झुंबर आला नाही. खिचडी मॅडमनी केली. करपली.

१० मार्च, सोमवार
डाळिंब घेऊन इंदापूरला गेलो होतो. पॅनेल झाकायचे राहिले. परत येऊन ऐकतो तर टॅब चार वाजेपर्यंत चालले, पंखासुद्धा फिरला. म्हणजे मी गावात नसलो की चोरी होत नाही. चोर माझ्यावर पाळत ठेवून आहे. झुंबर आजही आला नव्हता. पुरावा पक्का.

१२ मार्च, बुधवार. सकाळी ९
आज दिग्विजय येणार. त्याआधी सापळा. पॅनेल झाकून साडीखाली मीच लपणार. चोर रंगेहाथ.

त्याच दिवशी, संध्याकाळी
कुणी आलं नाही. डोळा लागला. जाग आली तेव्हा दिग्विजय साडी ओढत होता. मागे मॅडम आणि जिन्यात चौथीचा अख्खा वर्ग. त्याने बाकीच्या पाच साड्याही काढल्या. थोड्या वेळाने खाली पंखा सुरू झाला आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. झाकलं कुणी, असं त्याने विचारलं. सगळे माझ्याकडे बघू लागले. तो हळूच म्हणाला, "आबा, सावली डाळिंबाला लागती. ह्याला न्हाय."
संच राहिला.
झुंबरच्या घरी गेलो. चुकलो म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात तो म्हणाला, "बसा आबा, च्या घ्या." चहा घेतला. म्हणायचं राहून गेलं. फार लाज वाटली.

१५ मार्च, शनिवार
टॅबवर मराठी टायपिंगचा पहिला तास झाला. विषय, आमची शाळा. पहिला नंबर छकुलीचा. मॅडमनी तिचा मजकूर पालकांच्या ग्रुपवर टाकला. 'आमच्या शाळेत वीज आली होती. आजोबांनी ती झाकून ठेवली.'
तीनदा वाचलं. शुद्धलेखनाची एकही चूक नाही.