ग्रेव्हीवाला दिग्दर्शक

३ मार्च
लंडनच्या मोठ्या पेपरातून फोन. फिलिपा नावाची मुलगी. माझ्या सबंध कारकिर्दीवर लेख लिहायचाय म्हणे. इतकी वर्षं कोणी कॅमेऱ्याजवळ फिरकू दिलं नाही, आणि आज हे. ग्लेनिसला सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, बरं झालं, आता कुत्र्याला फिरवून आण. बायकोला कलेतलं काही कळत नाही.

संकल्प: ‘दीपगृह’ पटकथेचा शेवट उद्याच लिहायचा. लेख आला की निर्माते दारात उभे राहतील.

४ मार्च
पाऊस. शेवट सुचला नाही. पेन्सिलींना टोकं केली.

७ मार्च, दुपार
फिलिपा इथे वर्दिंग गावी, आमच्या घरी आली. फार हळू बोलते. जन्म, शाळा, वडिलांचं खाटकाचं दुकान, दोन्ही लग्नं, सगळं विचारलं. ‘दीपगृह’चा विषय काढला की तिचं पेन खाली. मी कधीकाळी केलेल्या त्या ग्रेव्हीच्या जाहिरातीवर मात्र पानं भरली. मी म्हटलं, ती पोटासाठी केली. तर म्हणे, अहो मिस्टर पेंगेली, आमच्याकडे रविवारी जेवताना अजून सगळे त्या जाहिरातीचंच गाणं म्हणतात.
तरुणपणीचा फोटो नेला. चाणाक्ष आहे.
माझ्या जुन्या जोडीदाराकडे, आर्थरकडेही जाऊन आली होती म्हणे, मागच्या हिवाळ्यात. त्याचा लेख अजून आलेला नाही. साहजिक आहे, कॅमेरामनला कोण विचारतो?

२० मार्च
लेख नाही. रोज दाढी करून पेपर आणायला जातो. ‘दीपगृह’च्या नायकाचं नाव बदललं. प्रगती आहे.

२ एप्रिल
फिलिपाला फोन केला. म्हणाली, आम्हाला अजिबात घाई नाही, तुम्ही तब्येतीला जपा. गुणी पोर.

११ एप्रिल, सकाळ
आर्थरचा लेख आला. अर्धं पान, तरुणपणीचा फोटो. जळफळाट झाला. माझ्या आधी हा? शेवटपर्यंत वाचलं. आर्थर सोमवारी गेला.

दुपारी
ग्लेनिस म्हणाली, मृत्युलेख पेपरवाले आधीच लिहून ठेवतात रे, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मग बोलली का नाहीस? तर म्हणे, किती वर्षांनी तू सकाळी शीळ घालत दाढी करत होतास, कोणत्या तोंडाने सांगू?
आर्थरसाठी रडलो. थोडा माझ्यासाठीही.

१२ एप्रिल
फिलिपाला फोन करून विचारलं, माझ्या लेखाच्या पहिल्या वाक्यात काय आहे? बिचारी अडखळली, मग म्हणाली, ग्रेव्ही. मी म्हटलं, आणि ‘दीपगृह’ पुरं केलं तर? ती म्हणाली, मग वाक्य नक्की बदलू.
शेवट सुचला नाही. संध्याकाळी कुत्र्याला फिरवून आणलं. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे नीट बघितलं.