दोन वर्षांच्या कोर्सचा मलिदा

रविवार, १४ मार्च १९७६, टोरांटो

रूथच्या आईने आज आम्हा ज्यूंच्या रीतीप्रमाणे देवाचे आभार मानायला गोड पोह्यांचा मलिदा केला. रूथचा ऑफिसच्या कामाचा दोन वर्षांचा डिप्लोमा झाला आणि लगेच नोकरीही लागली, म्हणून. माझ्या वाटणीची फॉइलची पुडी समोर पडली आहे. उघडवत नाही.

प्रार्थना संपली तसे सॅमसनकाका म्हणाले, "दोन वर्षांच्या कोर्सला मलिदा? मग माझ्या इंजिनियर पोरासाठी काय हत्तीवरून साखर वाटू?" सगळे हसले. माझं डोकंच फिरलं. ओरडलो, "काका, ती काय जन्मभर टायपिंग करत बसणार आहे का?"

मला वाटलं, मी तिची बाजू घेतली!

रूथ ताटल्या भरत होती. मान वर न करता म्हणाली, "बसणार आहे. मला ते काम येतं, आवडतं. मग?"

मग काय? ग्वेल्फचं कॉलेज अर्ध्यात सोडून आलेला मी. जिच्यावर जीव टाकतो, तिचीच लाज काढली. ती कुठे लाजत होती?

दाराशी मी बूट चढवत असताना तिने पुडी हातात दिली. "काकांचं मी मनावर घेत नाही, डॅनी. पण तू..." एवढंच बोलून आत गेली.

उद्या तिचा ऑफिसातला पहिला दिवस. फोन करू? कुठल्या तोंडाने?

शेवटी पुडी उघडली. पोह्यांवर माझ्या आवडीचे बदाम, वेचून वेचून घातलेले. मी तोंड उघडण्याआधीच तिने पुडी बांधून ठेवली असणार.