टेलरबाई विरुद्ध घरमालक

३ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. माणसाने सामाजिक काम सुरू केलं की नोंदी ठेवाव्यात, पुढे चरित्रकाराची सोय होते.
आमच्या लॉ कॉलेजचं लीगल क्लिनिक, म्हणजे मोफत कायदेसल्ला केंद्र, आज सुरू झालं. प्राचार्यांनी झेरॉक्सच्या मागची खोली दिली. पंखा आहे, पण बटण झेरॉक्सवाल्याच्या बाजूला, त्यामुळे हवा त्याच्या मर्जीची. बॅनर मी स्वतः लिहून दिला: 'न्याय तुमच्या दारी'. दारापेक्षा मोठा निघाला. दार उघडलं की 'न्याय' दुमडतो. बघू.
संकल्प: या वर्षी निदान एका गरिबाला न्याय. शक्यतो एप्रिलच्या आधी, नंतर परीक्षा आहेत.

७ फेब्रुवारी
पहिली क्लायंट! कॉलेजच्या मागच्या गल्लीतल्या टेलरबाई. जिन्याखालची एकच खोली. पुढे मशीन, मध्ये पडदा, पडद्यामागे अंथरुणाला खिळलेले वडील. घरमालकाला तिथे गाडी लावायची आहे, म्हणून त्याने खोली खाली करून मागणारा दावा ठोकलाय. कोर्टाचं समन्स अल्टरच्या कपड्यांच्या पिशवीतून आणलं होतं.
बाईंनी विचारलं, सर, खोली राहील ना? मी निवाऱ्याच्या हक्काची सगळी पार्श्वभूमी समजावून दिली. अगदी मुळापासून. बाईंनी मन लावून ऐकलं आणि परत विचारलं, खोली राहील ना? लोकांना कायद्याचं शिक्षण द्यायची किती गरज आहे, हे यावरून दिसतं.
शेवटच्या वर्षाची एक मुलगी क्लिनिकमध्ये आली आहे. मनातल्या मनात मी तिला शंकेखोर म्हणतो. तिने सगळ्यांदेखत विचारलं, की कोर्टात उभं कोण राहणार? पूर्णवेळ शिक्षकाला वकिली करता येत नाही, विद्यार्थ्यांकडे सनद नाही. मी म्हटलं, तपशील नंतर. आधी दृष्टी महत्त्वाची.

१२ फेब्रुवारी
बायकोचं म्हणणं, माझ्या भावाला सांगा की. मेव्हणा वकील, रोज कोर्टात असतो, हे खरं. पण रोज कोर्टात असणं म्हणजे कायदा कळणं नव्हे. त्याने गेल्या कित्येक वर्षांत एक पुस्तक उघडलेलं नाही. हे मी बोलून दाखवलं. जेवण वाढलं गेलं, पण आदळून.

२५ फेब्रुवारी
बाईंच्या वतीने कोर्टात द्यायचा जबाब शंकेखोरने लिहून आणला. मुद्दे ठीक. भाषा अगदीच रुक्ष. 'भाडे नियमित भरले आहे.' असं कुठे लिहितात? ठेवून घेतला. मी हात फिरवतो.

६ मार्च
बाईंची पहिली तारीख. मला अभ्यास मंडळाची मीटिंग होती. शंकेखोर गेली बाईंबरोबर. परत येऊन सांगू लागली, की जबाब आणला नाही म्हणून न्यायाधीश चिडले. वीस तारीख ही शेवटची संधी. त्या दिवशी जबाब नसेल, किंवा बाई हजर नसतील, तर एकतर्फी निकाल. मी म्हटलं, न्यायाधीश असं बोलतातच. तिने विचारलं, सर, तुम्ही किती न्यायाधीशांना बोलताना ऐकलंय? या पिढीत नम्रता उरलेली नाही.
जबाब टेबलाच्या खणात आहे. शनिवार-रविवार बसतो.

९ मार्च
पहाटे कल्पना सुचली, अक्षरशः उठून बसलो. वार्षिक मूट कोर्टासाठी विषय हवाच होता. दर वर्षी आपण खोटे खटले रचतो आणि मुलं खोट्या अशिलांसाठी भांडतात. या वेळी खरा घ्यायचा! 'टेलरबाई विरुद्ध घरमालक'. क्लायंट पहिल्या रांगेत बसलेली. न्यायाधीश म्हणून निवृत्त, पण अस्सल न्यायाधीश. देशात कुणी केलं नसेल.
जबाबाचं काम या गडबडीत मागे पडलं, पण त्याला इलाज नाही.

१४ मार्च
आयुष्यातला मोठा दिवस.
हॉल भरलेला. बाईंनी दुकान बंद ठेवलं होतं, वडिलांना शेजारणीच्या भरवशावर सोडून आल्या होत्या. निवृत्त न्यायाधीशांचा गाऊन पायांत येत होता, तो बाईंनी तिथल्या तिथे टाके घालून आखूड करून दिला. मुलं जीव तोडून भांडली. शेवटी न्यायाधीशांनी खणखणीत आवाजात सांगितलं, की या महिलेला या खोलीतून कोणीही काढू शकत नाही. हातोडा आपटला. हॉल उभा राहिला. बाई रडत होत्या. मग त्यांनी न्यायाधीशांना हात जोडले, मला जोडले, घरमालकाची बाजू मांडणाऱ्या मुलालासुद्धा जोडले.
मीही रुमालाने डोळे टिपले. फोटोत दिसतं ते.

१५ मार्च
बाई मिठाई घेऊन आल्या. प्राचार्यांपासून झेरॉक्सवाल्यापर्यंत सगळ्यांना वाटली. आज पंखा दिवसभर चालू होता.
बाई सांगत होत्या, की घरमालकालाही तोंडावर सांगून आले, निकाल लागला म्हणून. तो काही न बोलता जिना चढून वर गेला. अन्यायाची बोलती बंद होते ती अशी.
दुपारी शंकेखोर. चेहरा पांढराफटक. म्हणाली, सर, बाईंना वाटतंय की त्या खरोखरच जिंकल्या. मी म्हटलं, एका अर्थी जिंकल्याच की. कोणत्या अर्थी, असं तिने विचारलं. मी तिला लायब्ररीत पाठवलं.
तरी मुद्दा बरोबर आहे, सांगायला हवं. संकल्प: उद्याच बाईंना समजावून सांगणे. हळुवारपणे.

१६ मार्च
गेलो होतो. बाईंनी वडिलांना पडद्याबाहेर आणून खुर्चीत बसवलं होतं. भिंतीला रंग द्यायचं ठरवत होत्या. इतके दिवस म्हणे हात लावला नाही, कुणाच्या भिंतीला कोण रंग देतो? आता द्यायला हरकत नाही. पिवळा बरा की पांढरा, असं मला विचारलं. चहा झाला. म्हाताऱ्याने माझा हात धरून ठेवला होता, सोडेना.
अशा वेळी सांगणं क्रूरपणा झाला असता. पांढरा म्हणालो.

१७ मार्च
प्राचार्यांनी बोलावलं. मूल्यांकन समिती वीस तारखेला येते आहे. कॉलेजची श्रेणी त्यांच्या हातात. क्लिनिकचं प्रेझेंटेशन मी करायचं, आणि एक लाभार्थी बोलायला हवी. टेलरबाईंशिवाय आहे कोण? त्यांना फोन केला. लगेच हो म्हणाल्या, तुमच्यासाठी एवढं करणार नाही का सर, म्हणाल्या.
वीस तारखेलाच बाईंची कोर्टाची तारीख. लक्षात आहे. पण कोर्ट रोज असतं, समिती पाच वर्षांतून एकदा येते.

१८ मार्च
कमीपणा माझ्याकडे घेऊन मेव्हण्याला फोन केला. वीस तारखेला एका ठिकाणी उभा राहा, एवढंच. तो म्हणाला, राहतो की दाजी, पण वकीलपत्रावर बाईंची सही लागेल, त्या स्वतः हव्यात आणि जबाब हवा. जबाब कुठाय? मी म्हटलं, भाषेवर काम चालू आहे. तो म्हणाला, दाजी, वाकडातिकडा असला तरी चालेल, पण घेऊन या.
हे वकील लोक कागदाचे गुलाम असतात.
अडचण अशी: सही घ्यायची तर बाईंना सगळं सांगावं लागेल. सगळं सांगितलं तर परवा समितीसमोर त्या काय बोलतील? त्यापेक्षा मेव्हण्याने नुसती मुदत मागावी. आजवर मुदत मिळाली नाही असं कधी झालंय?

१९ मार्च
शंकेखोरने शिस्त मोडली. परस्पर बाईंकडे गेली आणि सांगून टाकलं, की तो निकाल खोटा होता, उद्या खऱ्या कोर्टात चला. बाईंचा विश्वास बसला नाही. एवढे पिकल्या केसांचे साहेब खोटं कशाला बोलतील, म्हणाल्या. तरी त्यांनी मला फोन केला. पोरगी असं असं सांगतेय, खरं काय सर?
मी म्हटलं, तुम्ही अजिबात काळजी करू नका. सगळं माझ्यावर सोपवा आणि उद्या सकाळी कॉलेजात या.
यात एकही वाक्य खोटं नाही. दोनदा तपासून पाहिलं.

२० मार्च
समिती खूश. प्रेझेंटेशन उत्तम झालं. बाई इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. माइकसमोर उभ्या राहून म्हणाल्या, की मला गरिबाला या कॉलेजने न्याय दिला, आता मी रात्री झोपते. समितीतल्या एका बाईंनी चष्मा काढून पुसला.
जेवणाच्या वेळी मेव्हण्याचा फोन. वकीलपत्र नसताना उभा राहिला म्हणून आधी त्यालाच बोलणी बसली. मग घरमालकाच्या वकिलाने सांगितलं, की ही बाई गल्लीभर सांगत फिरते, माझा निकाल लागलाय, आता मी कोर्टात येणार नाही. साक्षीला दोन शेजारी आणले होते. एकतर्फी निकाल. खोली पंधरवड्यात खाली करायची.
शंकेखोर कॉलेजात फिरकली नाही. कोर्टात मागच्या बाकावर बसली होती म्हणे.
बाई तेव्हा समितीच्या पंगतीत जेवत होत्या. जेवताना कुणाला असलं सांगू नये.

२२ मार्च
समितीने पहिली श्रेणी दिली. अहवालात क्लिनिकचा खास उल्लेख.
बाईंना शंकेखोरनेच सांगितलं. माझा तसा विचार होताच.
मेव्हणा घरी आला. बाई आता त्याच्याकडे जाऊन सगळ्या कागदांवर सह्या करताहेत. तो म्हणाला, एकतर्फी निकाल रद्द करून घेता येतो, फक्त बाई हजर का नव्हत्या त्याचं सबळ कारण द्यावं लागतं. कारण तुम्ही आहात, दाजी. एक प्रतिज्ञापत्र द्या, की मीच त्यांना कॉलेजात बोलावलं होतं आणि काळजी करू नका असं सांगितलं होतं. पानभर मजकूर. त्यावर स्थगिती मिळून जाईल.
बायको दारात उभी राहून ऐकत होती.
देतो म्हणालो. का नाही देणार?

२६ मार्च
प्राचार्यांना सहज विचारलं. ते म्हणाले, जरूर द्या, तुमचा वैयक्तिक प्रश्न आहे. मग म्हणाले, श्रेणीचं पत्र अजून हातात आलेलं नाही, एवढं ध्यानात ठेवा. मग म्हणाले, विभागप्रमुखपदासाठी तुमचंच नाव आहे.
प्रतिज्ञापत्र लिहायला घेतलंय. पहिलं वाक्य जमत नाही. 'मी सांगितल्यामुळे' फार उघडंवाघडं वाटतं. 'गैरसमजातून' बरं. पण मेव्हणा म्हणतो, गैरसमजातून म्हटलं तर बाईच मूर्ख ठरतात आणि अर्ज फेटाळला जातो.

१ एप्रिल
मेव्हण्याचे चार फोन. घेतले नाहीत, पेपर तपासत होतो. बायको परवापासून बोलत नाही. घर शांत असल्याने लिखाण व्हायला हवं होतं.
संकल्प: उद्या नक्की.

३ एप्रिल
प्रतिज्ञापत्र पूर्ण! भाषा उत्तम साधली. संध्याकाळी मेव्हण्याला दिलं. तो वाचून म्हणाला, दाजी, अर्ज आज सकाळीच फेटाळला गेला. त्याने कागदाची घडी घालून मला परत दिली, चिडला वगैरे नाही. चिडला असता तर मला बोलता आलं असतं.

४ एप्रिल
कोर्टाचा बेलिफ सकाळीच येऊन गेला होता. मी पोचलो तेव्हा खोलीला कुलूप होतं आणि सामान फुटपाथवर. म्हातारा खुर्चीत, मांडीवर पाण्याचा तांब्या. बंद खिडकीच्या काचेतून आत बघितलं, तर तीन भिंती पांढऱ्या झाल्या होत्या.
मला वाटलं होतं, बाई ओरडतील. तयारी करून गेलो होतो. त्यांनी साधं विचारलं, की ते न्यायाधीश खरे नव्हते? मी म्हटलं, एकेकाळी होते. आणि ती मुलं, वकील नव्हती? म्हटलं, होतील पुढे. मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, आणि तुम्ही?
पुष्कळ सुचलं. शेवटी म्हटलं, मी शिकवतो.
बरं, म्हणाल्या. मग वळून त्यांनी टेम्पोवाल्याला हाक मारली, की मशीन उचलायला एक माणूस मिळालाय, चला.